खजिनदाराची आई

अळूची पानं हवी तेवढी कापून न्या वहिनी, पहिल्या थंडीत सगळी काळी पडतील. आणि एडिसनच्या दुकानात जुडीला काय भाव सांगतात, बाई बाई! नाही हो, धाकटा याही शनिवारी आला नाही. अभ्यास कसला, खजिनदार झालाय तो. बेसबॉल क्लबाचा!

अहो, विद्यापीठाची खरी टीम निराळी. तिथे कोच पगारी, बस दारात, टोपीपासून बुटांपर्यंत सगळं फुकट. तरी शिष्यवृत्त्यांची रड होतीच. वर्षानुवर्षं एका टीमला ११.७, त्याच तीसेक पोरांत वाटायच्या. तो पॉइंट सात कोणाच्या वाट्याला यायचा देव जाणे. आता तो नियम गेला, पण बऱ्याच ठिकाणी ३४ च्या वर खेळाडू ठेवायचे नाहीत असं निघालंय. मग हायस्कूल गाजवून आलेले हे सगळे हिरो क्लबाकडे वळतात.

क्लबांचीही देशभर संघटना आहे, २००० सालापासूनची. डिव्हिजन काय, वर्ल्ड सिरीज काय, थाट सगळा. पैसे मात्र ज्याचे त्याने. संघटनेची फी, अंपायरांचं मानधन, लांबच्या सामन्याला व्हॅन आणि मोटेल. खोली चौघांची, झोपतात सहा. बॅटचं तर विचारूच नका. धातूची असेल तर बीबीकोर प्रमाणाचा शिक्का असलेलीच लागते, चांगली घ्यायची तर चारशे डॉलर. सगळी टीम दोन बॅटी आळीपाळीने फिरवते. मैदानही स्वतःच करायचं. पाऊस पडून गेला की पोती फोडून चिखलावर सुकी माती पसरायची, दाताळ्याने ओढायची, पांढऱ्या रेघा मारायच्या. घरी अंगणातली पानं गोळा करेल तर शपथ!

सासूबाईंनी मध्ये त्याचा एक चेंडू हातात घेऊन टाके मोजले. १०८ जोडटाके भरले! तेव्हापासून चेंडू देवघराच्या फळीवर आहे, मागायची सोय नाही.

हां, तर खरी गंमत पुढेच आहे. ह्यांनी इथल्या मराठी मंडळाचे हिशेब सांभाळलेत ना, धाकट्याला आधीच बजावून ठेवलं होतं, वर्गणी आधी, टी-शर्ट मागाहून. गणपतीच्या जेवणाचे पैसे कोणाकोणाचे यायचेत ती यादी अजून ह्यांच्या पाकिटात आहे. नावं? आत चहाला या, मग सांगते.

पोराने तस्संच केलं. व्हेन्मोवर पैसे जमा झाले तरच जर्सी हातात. सगळ्यांनी भरले, एक सोडून. आणि तो एक कोण? क्लबाचा अध्यक्ष! वर टीमचा एक नंबरचा पिचर. उद्या देतो, परवा देतो चाललेलं. आणि खोलीत नवाकोरा प्लेस्टेशन! हे आमच्याने नाही हं सांगितलं, त्याच्या रूममेटच्या आईकडून कळलं.

जर्सी अडवावी तर मॅच जाणार, द्यावी तर बाकीचे बोंबलणार. मग पोराने युक्ती काढली. फुटबॉलची मॅच झाली की स्टेडियम झाडायचं काम त्यांच्याकडे क्लबांना देतात, मोबदला क्लबाच्या खात्यात. रविवारी उजाडताच पोरं पाठीला ब्लोअर बांधून वरच्या रांगेपासून सुरू करतात आणि पॉपकॉर्न, कप, केचपची पाकिटं असं सगळं पायरी पायरीने खाली लोटत आणतात. पोराने जाहीर केलं, ज्यांची वर्गणी राहिली त्यांनी जादा पाळ्या कराव्यात, तेवढे पैसे वळते करू. नाव कोणाचंच घेतलं नाही!

तर आला की अध्यक्ष. येताना गर्लफ्रेंडलाही घेऊन आला, पाळ्या दुप्पट लागाव्यात म्हणून! आता तिची पाळी धरायची की नाही यावर कार्यकारिणीत दोन तट पडलेत. आमचा म्हणतो, क्लबाच्या घटनेत ‘विद्यार्थी’ लिहिलंय, ‘सभासद’ नाही, म्हणजे धरायलाच हवी. हे म्हणतात, मग घटना दुरुस्त करा. काल रात्री अकरापर्यंत बापलेक फोनवर हेच बोलत होते, माझ्याशी दोन मिनिटंसुद्धा नाही.

बरं, तुमचा मुलगा पुढच्या वर्षी तिकडेच जातोय ना? कॅचर मिळत नाहीये म्हणे त्यांना. गुडघे कसे आहेत हो त्याचे?