कर्ता कोण?

मूल शाळेत जात नाही असं कळलं की लोक आधी त्याच्या डब्याची चौकशी करतात. "मग डबा कुठे खाते?" हा प्रश्न मला शेजाऱ्यांनी, रिक्षावाल्यांनी आणि एका बालरोगतज्ज्ञांनीही विचारलेला आहे. डब्याचं समाधान झालं की मित्रमैत्रिणी, आणि मग आवाज खाली आणून, "पण दहावीचं काय?" याचं उत्तर सोपं आहे. केंद्र सरकारची राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे, चौदाव्या वर्षी तिची दहावी देता येते, आमची मुक्ता सात वर्षांची आहे, चहा घेणार का? खरा अवघड प्रश्न मात्र कुणीच विचारत नाही. व्याकरण कुठलं लावायचं?

गणिताला निदान जिना आहे. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, सरळ वर चढत जायचं. व्याकरणात पोरगं आधीच गच्चीवर बसलेलं असतं आणि आपण खाली पहिली पायरी शोधत असतो. मुक्ता सकाळी दात घासायच्या आत साती विभक्त्या वापरून मोकळी होते, वर संबोधन माझ्या नावाने. अमेरिकेतल्या जीन बर्को यांनी १९५८ मध्ये लहान मुलांना एका काल्पनिक पाखराचं चित्र दाखवलं, त्याचं नाव सांगितलं 'वग', आणि दोन पाखरं दाखवून विचारलं की आता हे काय? बहुतेक मुलांनी जन्मात न ऐकलेल्या शब्दाचं अनेकवचन बिनचूक केलं. म्हणजे नियम त्यांना कुणी न सांगता आलेला होता. आपल्याकडची पोरं 'मी करलं' म्हणतात तेही याच हुशारीने. पळलं, बसलं, हसलं, मग करलं का नाही? चूक पोराची नाही, 'केलं'ची आहे.

मुक्ता वयाच्या मानाने पुढे आहे असं सगळे म्हणतात. पुढे म्हणजे डोकं अकरा वर्षांचं, हात सात वर्षांचा आणि राग तीन वर्षांचा. डोकं औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद दुष्परिणामांसकट वाचतं. हात चार ओळी लिहून झाल्या की पेन्सिल टाकतो. राग त्यानंतर येतो. झाडून सगळी व्याकरणाची पुस्तकं इथेच अडकतात. डोक्याला झेपेल असं पुस्तक घ्यावं तर त्यात पानभर वाक्यं उतरवून काढायची असतात. हाताला झेपेल असं घ्यावं तर त्यात मांजर हे नाम आहे, एवढी एकच बातमी आठवडाभर पुरवलेली असते.

सुरुवात अर्थात अमेरिकेपासून झाली. तिकडे मुलांना घरी शिकवणाऱ्यांसाठी व्याकरणाची अख्खी बाजारपेठ आहे आणि नमुन्याची पानं फुकट उतरवून घेता येतात, त्यामुळे बायकोने ती सगळी उतरवून घेतली. जेसी वाइझ यांच्या पुस्तकात पालकाने काय बोलायचं ते शब्दशः छापलेलं असतं आणि मुलाने काय उत्तर द्यायचं तेही. बायकोने कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडकात काम केलेलं असल्यामुळे हातात संहिता आल्याचा तिला कोण आनंद. मुक्ताने ती संहिता आदल्या रात्री पांघरुणात वाचून काढली. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःची वाक्यं म्हटली, आईची म्हटली, आणि 'इथे मुलाचं कौतुक करा' अशा छापाच्या ज्या सूचना होत्या त्याही वाचून दाखवल्या. आईला रंगमंचावर उभं राहण्यापलीकडे काम उरलं नाही.

मग मायकल क्ले थॉम्पसन यांचं व्याकरणाचं बेट आलं. ते खास हुशार मुलांसाठीच काढलेलं आहे, आणि एकेका वाक्याची चार थरांवर चिरफाड करायला शिकवतं: शब्दाची जात, वाक्यातलं काम, पदबंध, उपवाक्य. पुस्तक गोड आहे, हे मी मान्य करतो. पण किंमत डॉलरांत, आणि टपालखर्च धरला तर तेवढ्यात खरंखुरं बेट नाही तरी मुरूडला दोन रात्री झाल्या असत्या. त्यानंतर केंटकीतल्या मेनोनाइट पंथीयांची मालिका पाहिली. स्वस्त, टिकाऊ आणि कडक. बायबल आणि शेती यांतून वाक्यं बाहेर म्हणून पडत नाहीत. मी माझ्या बाजूने रेन आणि मार्टिनच्या इंग्रजी व्याकरणाचं नाव सुचवलं, कारण मी त्याचा मार खाल्लेला आहे. यातले रेनसाहेब एके काळी मुंबई इलाख्यात शिक्षण खात्यात नोकरीला होते आणि १९२४ मध्ये फ्रेंचांच्या परदेशी पलटणीवर 'बो जेस्ट' ही कादंबरी लिहून गाजले. शिक्षण खात्यातल्या माणसाला वाळवंटातली पलटण का खुणावते, हे व्याकरण शिकवायला बसल्यावर मला आपोआप समजलं.

या सगळ्यातून घरात टिकली ती फक्त रीड आणि केलॉग यांची आकृती. १८७७ पासून अमेरिकन पोरं वाक्याची अशी आकृती काढत आलेली आहेत: एक आडवी रेघ, तिला छेदणारी एक उभी; डावीकडे कर्ता, उजवीकडे क्रियापद, बाकीचे शब्द तिरप्या रेघांवर लोंबकळतात. मुक्ताने खडू घेतला आणि फरशीवर मराठी वाक्य मांडलं. मला भूक लागली. कर्ता कोण? मी म्हटलं, भूक. तिने माझ्याकडे असं काही पाहिलं की मला लगेच पुढचं दिसलं.

"म्हणजे मी काहीच केलं नाही? भुकेने केलं?"

"व्याकरणाच्या दृष्टीने, हो."

झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात कुणीच काही करत नाही. कप फुटतो, दूध सांडतं, भिंतीवर चित्र उमटतं. "कप कुणी फोडला?" असं विचारलं की "बाबा, वाक्य 'कप फुटला' असं आहे, यात कर्ता कपच आहे," असं शांतपणे समजावलं जातं. तिचं नाव ठेवताना आमच्या डोळ्यांपुढे ज्ञानदेवांची मुक्ताबाई होती. घरात मुक्ताबाई आली की कुणाला तरी चांगदेव व्हावं लागतं, याचा विचार राहून गेला. त्या बिचाऱ्या चांगदेवांचीही अडचण मूळची व्याकरणाचीच. समोरच्याला वडील समजून लिहावं की धाकटा समजून, ते ठरेना, म्हणून कोरंच पत्र धाडलं. आमची पाठ-नियोजनाची वही त्याच कारणाने कोरी होती.

शेवटी साताऱ्याहून सासूबाईंचा फोन आला. त्या हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झालेल्या आहेत. "ती इंग्रजी बेटं आधी बुडवा," त्या मला म्हणाल्या, आणि एसटी पार्सलने मो. रा. वाळंबे यांचं 'सुगम मराठी व्याकरण व लेखन' रवाना केलं. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांतून पोरं हे पुस्तक उशाला घेऊन झोपतात. तेव्हा सातव्या वर्षी मुक्ता, म्हणायचं तर, तहसीलदारकीच्या तयारीला लागली. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर आजी आणि नात विभक्तीचा तक्ता म्हणू लागल्या. द्वितीया: स, ला, ते. तृतीया: ने, ए, शी. चतुर्थी: स, ला, ते. इथे गाडी थांबली.

"आजी, द्वितीया आणि चतुर्थी सारख्याच आहेत. चुकून दोनदा छापलंय."

"चुकून नाही गं. अर्थावरून ओळखायचं. कर्म असेल तर द्वितीया, दान असेल तर चतुर्थी."

"अर्थ आधीच कळला असेल तर मग ओळखायचं कशाला?"

साताऱ्याकडून बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज येत राहिला. मग सासूबाई मला उद्देशून म्हणाल्या, "दामले आणा."

मोरो केशव दामले यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ सालचं. दामले हे केशवसुतांचे धाकटे भाऊ. थोरल्याने कवितेची जुनी घडी विस्कटली आणि धाकट्याने भाषेची घडी घालायला घेतली; त्या घरातल्या पंगती ऐकायला मिळायला हव्या होत्या. ग्रंथ असा जाडजूड की आमच्या मांडणीची फळी वाकली (कर्ता: फळी). सात वर्षांच्या पोरीला हा ग्रंथ द्यायचा म्हणजे अतिरेक, असं मलाही वाटलं. पण दामल्यांमध्ये एक गुण आहे जो पायऱ्या-पायऱ्यांच्या रंगीत पुस्तकांत मला कुठे दिसला नाही: हा माणूस भांडतो. नुसता नियम सांगून पुढे जात नाही. दादोबा पांडुरंगांनी, ज्यांचं व्याकरण १८३६ मध्ये निघालं, काय म्हटलं, त्यांच्या मागून आलेल्यांनी काय म्हटलं, आणि ते का पटत नाही, हे मांडत बसतो.

"म्हणजे हे अजून ठरलेलं नाहीये?" मुक्ताने विचारलं. तिच्या डोळ्यांत जत्रेत पाळणा दिसल्यासारखी चमक होती. मराठीत विभक्त्या किती, त्या रूपावरून मोजायच्या की अर्थावरून, यावर पंडितांचं कधी एकमत नव्हतं, हे कळल्यावर तिला पहिल्यांदा व्याकरण आवडलं. कृष्ण श्री. अर्जुनवाडकर यांच्या एका पुस्तकाचं नावच 'मराठी व्याकरण : वाद आणि प्रवाद' असं आहे, हे आजीने सांगितलं तेव्हा तर तिने टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून आमचा अभ्यासक्रम ठरला: दामल्यांचं अर्धं पान, मोठ्याने, लिहायचं काहीही नाही. त्यातलं पाऊण तिला समजत नाही. पाव समजतं, आणि त्या पावावर ती आजीशी रोज पाऊण तास वाद घालते. हुशार पोराला सोपं करून दिलेलं आवडतं हा पुस्तकं विकणाऱ्यांनी पसरवलेला समज आहे. त्याला, निदान आमच्या नमुन्याला, मोठी माणसं अडलेली बघायला आवडतात.

अर्थात हे घरात होतं तोवर ठीक होतं. पण मग सोसायटीच्या फलकावर सूचना लागली: 'येथे गाड्या धुवू नये. आदेशावरून.' संध्याकाळी त्यावर लाल स्केचपेनने 'धुऊ नयेत' झालेलं होतं, आणि 'आदेशावरून'च्या पुढे बारीक अक्षरात प्रश्न: 'कोणाच्या? कर्ता कोण?'

सेक्रेटरी वर आले. बँकेतून निवृत्त झालेले सद्गृहस्थ. रागावले तरी चप्पल बाहेर काढूनच आत येतात. "अहो, मुलीला शाळेत घाला," ते म्हणाले.

"काका, गाड्या अनेकवचन आहे ना," मुक्ता आतून आली. "म्हणून नयेत. आणि धातूत व असेल तरच वू. लावू, ठेवू. 'धू'मध्ये कुठाय व? महामंडळाचा नियम आहे."

"कुठलं महामंडळ? म्हाडा?"

"साहित्य महामंडळ. त्यांनी १९६२ मध्ये चौदा नियम केले, १९७२ मध्ये आणखी चार. एकूण अठराच आहेत, काका. आपल्या सोसायटीचे किती आहेत?"

सोसायटीच्या नियमांचा आकडा सेक्रेटरींना सांगता आला नाही. आदेश कोणाचा, तेही सांगता आलं नाही, कारण कमिटीच्या सभेला म्हणे गणसंख्याच नव्हती. ते चहा पिऊन गेले. मला वाटलं, आता देखभाल शुल्काची पावती चक्रवाढ व्याजासकट येणार. आले ते स्वतःच, हातात पाण्याच्या टाकीच्या सफाईची सूचना घेऊन, छापायला टाकण्याआधी. "जरा बघते का ती?" असं त्यांनी दारातूनच, जिन्यात कुणी नाही हे पाहून, विचारलं.

मुक्ताने दर ठरवला. एका चुकीला एक चॉकलेट. ऱ्हस्व-दीर्घाला अर्धं, कारण ते सगळ्यांचंच चुकतं. टाकीच्या सूचनेत किरकोळ कमाई झाली. लिफ्टदुरुस्तीच्या पत्रकात बरी झाली. परवा वार्षिक सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका आली, मागच्या सभेच्या इतिवृत्तासकट, आणि बायकोने ती नुसती चाळून लगेच दातांच्या डॉक्टरांची वेळ घेतली.