तेरा सेकंद आणि एक नाणं

२२ आणि २३ जानेवारी २०२२ या दोन दिवसांत अमेरिकेच्या नॅशनल फुटबॉल लीगच्या बाद फेरीचे चार सामने झाले. पहिल्या तिन्हींमध्ये पाहुण्या संघाने घड्याळ संपता संपता किक मारली आणि यजमानांना त्यांच्याच मैदानावर तीन गुणांनी हरवलं. चौथा सामना ओव्हरटाइममध्ये गेला. बाद फेरीचा असा आठवडा पूर्वी कधी झाला नव्हता, असं तेव्हापासून सगळे म्हणत आले आहेत. मलाही ते मान्य आहे. पण थरार होता म्हणून त्यातला ढिसाळपणा माफ होत नाही. आणि तो ढिसाळपणा बारीकसारीक गोष्टींतला होता म्हणून त्याविषयी कोणी बोलत नाही, हे मला त्याहून जास्त खटकतं.

एरवी हा खेळ हिशेबाला फार पक्का आहे. चार प्रयत्नांत दहा यार्ड गाठले की नाहीत हे तो इंचाने मोजतो. खेळाडूचा पाय रेषेच्या आत पडला की बाहेर, हे तपासायला पंच व्हिडिओ मागे-पुढे करून पाहतात. घड्याळ चुकून पुढे गेलं तर दोन सेकंद परत जोडतात. इतकी काळजी घेणाऱ्या खेळाने सगळ्यात मोठ्या क्षणी साध्या गोष्टी वाऱ्यावर सोडाव्यात, याचा मला राग येतो.

ग्रीन बेचं उदाहरण घ्या. शनिवारची रात्र, लॅम्बो फील्डवर गोठवणारी थंडी, वर बर्फ पडतोय. ग्रीन बे पॅकर्स त्यांच्या विभागात अव्वल आणि क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा सूत्रधार, आरन रॉजर्स. समोरच्या सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सच्या आक्रमणाला अख्ख्या सामन्यात एकही टचडाउन करता आला नाही, म्हणजे चेंडू समोरच्या टोकाच्या एंड झोनमध्ये नेता आला नाही. तरीही पॅकर्स १३-१० असे हरले. पहिला अर्धा डाव संपताना त्यांची फील्ड गोलची किक अडवली गेली. शेवटची पाच मिनिटंही उरली नसताना त्यांचा पंट, म्हणजे चेंडू लांब मारून समोरच्यांना देण्याची किक, अडवला गेला, चेंडू उसळला आणि फोर्टीनायनर्सच्या टॅलानोआ हुफांगाने तो उचलून थेट टचडाउन केला. मग घड्याळाचे शेवटचे सेकंद असताना फोर्टीनायनर्सचा रॉबी गूल्ड ४५ यार्डांवरून किक मारायला उभा राहिला. ती किक अडवायला पॅकर्सचे मैदानावर खेळाडू किती? दहा. अकरा हवे होते. वर्षभर सराव केला, ताफ्यात डझनावारी प्रशिक्षक बाळगले, कडेला राखीव खेळाडूंची रांग उभी होती आणि हंगामाच्या शेवटच्या चालीला एक माणूस कमी! अकरावा असता तर किक अडलीच असती असं मी म्हणत नाही. पण त्या थंडीत तीन तास बसून राहिलेल्या प्रेक्षकांना अकरा माणसं दिसायला हवी होती. तेवढा त्यांचा हक्क होता.

नॅशव्हिलचा टेनेसी टायटन्सचा सामना आठवला की मला त्यांच्या बचावफळीसाठी वाईट वाटतं. त्यांनी सिनसिनाटी बेंगल्सचा क्वार्टरबॅक जो बरो याला नऊ वेळा चेंडूसकट खाली पाडलं. नऊ वेळा! आणि हरले ते टायटन्स, १९-१६. त्यांच्या क्वार्टरबॅकने सामन्यातला पहिलाच पास प्रतिस्पर्ध्याच्या हातात दिला आणि बरोबरी असताना शेवटचाही तसाच दिला. नऊ वेळा राबलेल्या माणसांच्या श्रमाला गुणफलकावर कुठे जागाच नाही.

आता किकरविषयी. त्या दोन दिवसांतले पहिले तीन सामने संपले ते किकरांच्या पायाने, आणि चौथा वाचला तोही किकरच्याच पायाने. इव्हान मॅकफर्सन नावाच्या नवख्या पोराने टेनेसीत चार फील्ड गोल मारले, शेवटचा ५२ यार्डांवरून. पण मुखपृष्ठावर फोटो क्वार्टरबॅकचा. किकर अख्खा सामना कडेला जाळीत चेंडू मारत उभा असतो, त्याच्याशी फारसं कोणी बोलत नाही, सरावातही तो बाजूलाच असतो. किक आत गेली तर त्याने त्याचं काम केलं, बाहेर गेली तर त्याच्या नावाचा डाग आयुष्यभराचा. बफेलोच्या स्कॉट नॉरवुडला विचारा. जानेवारी १९९१ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, त्याची ४७ यार्डांची किक उजवीकडून बाहेर गेली, बफेलो बिल्स एका गुणाने हरले आणि त्या माणसाची सगळी कारकीर्द त्या एका किकमध्ये कोंबली गेली. टॅम्पाची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. टॅम्पा बे बकनीअर्सनी २०१९ मध्ये मॅट गे नावाच्या किकरला निवडलं, एका हंगामानंतर काढून टाकलं. २०२२ च्या त्या रविवारी तोच मॅट गे लॉस एंजेलिस रॅम्सकडून खेळत होता. रॅम्स २७-३ असे पुढे होते, मग टॅम्पाच्या टॉम ब्रेडीने बरोबरी केली. त्या दरम्यान गेची ४७ यार्डांची एक किक आखूडही पडली होती. शेवटी रॅम्सच्या कूपर कपने लांबचा पास झेलला आणि गेने ३० यार्डांवरून ब्रेडीचा हंगाम संपवला. किकरला हलक्यात घेणाऱ्या प्रत्येक संघाच्या कचेरीत त्या किकचा फोटो लावावा.

पण माझी खरी तक्रार चौथ्या सामन्याची आहे. कॅन्सस सिटी चीफ्स विरुद्ध बफेलो बिल्स. पॅट्रिक महोम्स विरुद्ध जॉश ॲलन.

भारतात तो सोमवारी पहाटे पाचला सुरू झाला. मी तो इंटरनेटवर पाहत होतो आणि त्या प्रक्षेपणाविषयी आधी बोलतो, कारण नंतर राग अनावर होईल. हा खेळ घड्याळावर साठ मिनिटांचा. प्रत्यक्षात तीन तासांच्या वर चालतो. वॉल स्ट्रीट जर्नलने २०१० मध्ये मोजून दाखवलं होतं की त्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो सुमारे अकरा मिनिटं. बाकीच्या वेळात जाहिरातीही भरपूर. टचडाउन झाला की जाहिराती. मग एक किकऑफ, म्हणजे पाच-सहा सेकंदांचा खेळ, आणि पुन्हा जाहिराती. दोन मिनिटं उरली की 'टू मिनिट वॉर्निंग' म्हणून खेळ थांबवतात. ही प्रथा पडली तेव्हा अधिकृत वेळ पंचाच्या हातातल्या घड्याळावर असे आणि उरलेला वेळ संघांना सांगावा लागे. आता घड्याळ स्टेडियमच्या दोन्ही टोकांना घराएवढं झळकतं. सांगायचं काही उरलेलं नाही, थांबणं मात्र उरलं आहे.

वर इंटरनेटचं प्रक्षेपण अर्धं मिनिट मागे. माझा पुतण्या न्यू जर्सीत असतो आणि त्याचा टीव्ही माझ्या पुढे. बिल्स ३६-३३ ने पुढे गेले, घड्याळावर तेरा सेकंद उरले, मी श्वास रोखून बसलो, तोवर फोनवर त्याचा संदेश: "काका, हे बघा आता!" बघायचं ते त्याने बघितलं होतं. मी जे तेरा सेकंद पाहणार होतो ते अमेरिकेत सुरूही झाले होते. त्याची चूक नाही, पोर उत्साही आहे. पण पैसे घेऊन थेट प्रक्षेपण म्हणवणाऱ्याने ते थेट दाखवावं.

त्या तेरा सेकंदांपर्यंत कसं पोचलो ते ऐका, म्हणजे मी का चिडलो ते कळेल. शेवटच्या दोन मिनिटांत दोन्ही संघांनी मिळून पंचवीस गुण केले. बिल्सना चौथ्या प्रयत्नात तेरा यार्ड हवे होते. १ मिनिट ५४ सेकंद उरले असताना ॲलनने गेब्रिएल डेव्हिसला टचडाउन दिला, वर दोन गुणांची चालही जमवली. बिल्स पुढे. मग टायरीक हिल ६४ यार्ड पळाला, चीफ्स पुढे. मग पुन्हा ॲलन, पुन्हा डेव्हिस. डेव्हिसचा हा चौथा टचडाउन. बाद फेरीच्या एका सामन्यात पास झेलून चार टचडाउन त्याआधी कोणी केले नव्हते. त्या मुलाने विक्रम केला आणि पुढच्या अर्ध्या तासात तो गोष्टीतून बाजूला पडला. हेही मला सहन होत नाही.

तेरा सेकंद. बिल्सनी किकऑफ मारला तो थेट एंड झोनमध्ये. टचबॅक. घड्याळ एक सेकंदही हललं नाही आणि चीफ्सना चेंडू २५ यार्डांवर मिळाला. चेंडू जमिनीलगत सरपटत मारला असता तर चीफ्सच्या कोणाला तरी तो उचलून पळावं लागलं असतं. त्याने चेंडूला हात लावताच घड्याळ सुरू झालं असतं. तीन सेकंद गेले असते, चार गेले असते. प्रत्यक्षात बरोबरीची किक मारली तेव्हा घड्याळावर तीनच सेकंद उरले होते! बेरीज-वजाबाकी एवढीच आहे. मग बिल्सची बचावफळी, त्या हंगामातली लीगमधली सर्वोत्तम बचावफळी, मागे सरकून उभी राहिली. चीफ्सना टचडाउनची गरजच नव्हती, फील्ड गोलच्या टप्प्यात यायचं होतं. हिलने मधल्या मोकळ्या जागेत १९ यार्ड काढले, टाइमआउट. ट्रॅव्हिस केल्सीने २५ काढले, टाइमआउट. हॅरिसन बटकरने ४९ यार्डांवरून बरोबरी केली. त्या रात्री त्याने एक साधी जादा गुणाची किक आणि ५० यार्डांची एक किक घालवली होती. ही मात्र घातली. बिल्सच्या प्रशिक्षकाला नंतर विचारलं तेव्हा त्याने अंमलबजावणी कमी पडली एवढंच सांगितलं. किकऑफ असा का मारला, याचं सरळ उत्तर बफेलोच्या लोकांना मिळायला हवं होतं. त्या गावाने लागोपाठ चार सुपर बोल हरलेले पाहिले आहेत. ती माणसं हिमवादळानंतर फावडी घेऊन स्टेडियमचा बर्फ उपसायला येतात. त्यांना उत्तर देणं लागतं.

आणि मग नाणं.

ओव्हरटाइमचा तेव्हाचा नियम असा होता की नाणेफेक जिंकणाऱ्याने चेंडू घेऊन पहिल्याच चढाईत टचडाउन केला तर सामना संपला. दुसऱ्या संघाला चेंडू मिळणारच नाही. ॲलनने काटा मागितला, छापा पडला. महोम्सने ७५ यार्ड पार केले, केल्सीने झेलला, ४२-३६. त्या रात्री कोणालाही न थांबवता आलेला ॲलन कडेला उभा राहून पाहत होता. पंगतीत एका ओळीला वाढून झाल्यावर वाढप्याने पातेलं उचलून घरी जावं, तसा हा न्याय. लॉर्ड्सवर २०१९ चा क्रिकेट विश्वचषक चौकार-षटकारांच्या संख्येवर दिला गेला तेव्हा न्यूझीलंडबद्दल आपण हळहळलो होतो. पण निदान दोघांनाही सहा-सहा चेंडू खेळायला मिळाले होते.

हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं असं म्हणायला जागा नाही. २०१० मध्ये तो नियम आल्यापासून २०२२ पर्यंत बाद फेरीचे बारा सामने ओव्हरटाइममध्ये गेले. त्यातले दहा नाणेफेक जिंकणाऱ्याने जिंकले, सात तर पहिल्याच चढाईत. जानेवारी २०१९ मध्ये खुद्द चीफ्स असेच न्यू इंग्लंडच्या संघाकडून हरले होते, ओव्हरटाइममध्ये महोम्सला चेंडूला हात लावता आला नव्हता. त्यानंतर चीफ्सनीच दोन्ही संघांना संधी मिळावी असा प्रस्ताव मांडला. लीगने तो बाजूला ठेवला. तीन वर्षांनी त्याच नियमाने चीफ्स जिंकले. तेव्हाच प्रस्ताव मान्य केला असता तर ॲलनला एक संधी मिळाली असती. मार्च २०२२ मध्ये संघमालकांनी २९ विरुद्ध ३ मतांनी बाद फेरीपुरता नियम बदलला. साखळी सामन्यांना तो लागू व्हायला २०२५ उजाडलं. साखळी सामन्यातली हार ही काय हार नसते? आणि २०२४ च्या सुपर बोलमध्ये हा नवा नियम पहिल्यांदा वापरात आला, तेव्हा फोर्टीनायनर्सच्या काही खेळाडूंनी सामन्यानंतर सांगितलं की नियम बदलल्याचं आपल्याला ठाऊकच नव्हतं. बफेलोच्या एका आख्ख्या हंगामाची किंमत देऊन मिळालेला नियम, आणि तो खेळाडूंना समजावून सांगायला कोणाला वेळ झाला नाही.

चीफ्सच्या चाहत्यांबद्दल मात्र माझी काही तक्रार नाही. त्या सामन्यानंतर त्यांच्यातल्या अनेकांनी बफेलोच्या मुलांच्या रुग्णालयाला तेरा-तेरा डॉलरच्या देणग्या पाठवल्या. तेरा सेकंदांची आठवण ठेवायची याहून चांगली रीत मला माहीत नाही.

बिल्सचं दुखणं तिथे संपलं नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा कॅन्सस सिटीत, चौथ्या प्रयत्नात काही इंच हवे असताना ॲलन चेंडू छातीशी धरून माणसांच्या ढिगात घुसला. तो कुठे पोचला हे पंचांनी नजरेने ठरवलं. व्हिडिओत चेंडू माणसांखाली दिसेना, म्हणून नजरेचाच निर्णय कायम राहिला. बिल्स ३२-२९ ने हरले. त्याच वर्षी लीगने मोजमापाच्या साखळीऐवजी कॅमेऱ्यांनी दहा यार्ड मोजायला सुरुवात केली. पण कॅमेरे मोजतात ते पंचाने चेंडू ठेवल्यानंतर. चेंडू कुठे ठेवायचा, हे अजूनही ढिगाऱ्याकडे पाहून ठरतं. लीगच्या चेंडूंमध्ये वेग आणि अंतराची आकडेवारी काढायला चिप बसवलेली असतेच. ती ढिगाखालचा चेंडू इंचापर्यंत दाखवेल इतकी सुधारावी, त्यासाठी खर्च करावा. अब्जावधी डॉलरच्या व्यवसायाला ते जड नाही. आणि टू मिनिट वॉर्निंग या हंगामापासून बंद करावी.