भरली की निघते

फिनलंडमधल्या हेलसिंकी शहरात २०१२ साली एक नवलाची बससेवा सुरू झाली. नाव कुत्सुप्लुस. नऊ आसनांच्या छोट्या गाड्या, ठरलेला मार्ग नाही, वेळापत्रक नाही. तुम्ही फोनवरून सांगायचं, अमुक थांब्यावरून तमुक थांब्याला जायचंय. मग संगणक आसपासच्या चार जणांच्या मागण्या जुळवून गाडी तुमच्याकडे वळवणार. भाडं बसपेक्षा जास्त, टॅक्सीपेक्षा कमी. जाणकारांनी खूप वाखाणली आणि २०१५ संपता संपता खर्च झेपेना म्हणून गुंडाळलीही.

हे मी वाचत होतो तेव्हा वडापमध्ये होतो. मोबाइल शेजारच्या मामींच्या पिशवीवर टेकवला होता, कारण हात वर घ्यायला जागा नव्हती. मामींना काय वाचतोय ते सांगावं लागलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकाच वाक्यात निकाल दिला, "नऊच शिटं? मग बुडणारच की वो."

ज्यांना वडाप माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात वडाप म्हणतात. विदर्भ-मराठवाड्याकडे गेलात तर काळी-पिवळी. जीप असेल, ट्रॅक्स असेल, तीनचाकीही असेल. ती भरली की निघते, हात केला की थांबते, म्हणाल तिथं उतरवते. जगातल्या मोठमोठ्या शहरांना हे आत्ता सुचतंय आणि त्यासाठी ते संगणकाला कामाला लावतायत. आमच्याकडे संगणकाच्या जागी तात्या आहेत.

तात्यांची गाडी उभी असते स्टँडच्या बाहेर, रसवंतीच्या पुढच्या लिंबाखाली. स्टँडपासून दोनशे मीटरच्या आत खासगी गाडीनं प्रवासी भरायचे नाहीत, असा नियम आहे. तो दोनशेवा मीटर म्हणजेच हा लिंब, असं तालुक्यात सगळे धरून चालतात. टेप लावून कुणी मोजलेलं नाही. नवा हवालदार बदलून आला की लिंब आठवडाभर थोडा पुढे सरकतो, मग परत जागेवर येतो.

"तात्या, कधी निघणार?"

"ह्ये काय, दोन शिटं आली की निघालोच."

हे दोन कधी एक होत नाहीत. पहिला माणूस शिरला तरी दोनच कमी असतात आणि चौदावा शिरला तरी दोनच. मधल्या बाकावर तात्यांचा मेहुणा आणि त्याचा एक मित्र आधीपासून बसलेले असतात, गाडी भरत आल्यासारखी दिसावी म्हणून. खरे दोन आले की मेहुणा घड्याळ बघतो, काहीतरी आठवल्यासारखं करतो आणि उतरतो. जाणत्या माणसाला तो ठाऊक असतो. तरी त्याला बसलेला बघून जाणता माणूसही घाईनं आत शिरतो, हे मात्र मला अजून उलगडलेलं नाही.

बसायची पद्धत एकदा बघण्यासारखी आहे. पुढच्या बाकावर ड्रायव्हर धरून पाच. त्यातला एक तात्यांच्या उजव्या हाताला, दारापाशी. म्हणजे तात्या स्वतः गाडीच्या मध्यावर येतात आणि स्टेअरिंग तिरक्या अंगानं धरतात. गिअरचा दांडा प्राथमिक शाळेच्या मास्तरांच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये येतो. ही जागा मास्तरांना त्यांच्या शांत स्वभावामुळे मिळालेली आहे. दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकायचा असला की तात्या "मास्तर" एवढंच म्हणतात, मास्तर गुडघा आवळतात, गिअर पडतो, बोलणं पुढे चालू. एकदा मास्तर रजेवर होते आणि त्या जागी पुण्याहून आलेला कुणाचा तरी जावई बसला होता. त्याला "पाव्हणं, जरा" म्हणजे काय ते कळेना. गाडी अख्खा घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढली.

आणि मागणीची पूर्तता म्हणाल, तर ती हेलसिंकीच्या संगणकाला जन्मात जमली नसती. तात्यांना फोन करायचा तोही उचलायचा नसतो. एक मिस कॉल म्हणजे मी एकटा येतोय, थांबा. दोन म्हणजे जोडीनं. तीन आले तर माणूस येत नाही, बियाण्याची पिशवी येतेय, ती दुकानातून उचला आणि आमच्या फाट्यावर टाका. वाटेत गाडी पिठाच्या गिरणीपाशी थांबते, औषधाच्या दुकानापाशी थांबते, एकदा तर एका बंद दारापुढे थांबली. दहाएक मिनिटं झाल्यावर मी विचारलं. तात्या म्हणाले, "सरपंच अंगुळीला गेल्यात. रोजचं शीट हाय, सोडून कसं जायचं?" गाडीतल्या कुणीही कुरकुर केली नाही. प्रत्येकाला कधी ना कधी आंघोळ करायची असतेच.

याच्या बरोब्बर उलट एसटी. तिचं लग्नाच्या मुहूर्तासारखं आहे: उशीर होईल, पण भटजी आले आणि पाव्हणे नाहीत म्हणून कुणी लग्न मोडत नाही. कंडक्टरनं डबल बेल दिली की पाच माणसं असोत की पन्नास, गाडी हलते. १ जून १९४८ ला पुणे ते नगर पहिली एसटी धावली, तेव्हापासून हा रिवाज. भरण्यासाठी ती थांबत नाही. थांबते ती चहासाठी.

या १ जूनला आमच्याकडे आणखी एक महत्त्व आहे. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस त्याच दिवशी असतो. पोराला शाळेत घालताना जन्मतारीख कुणाच्या आईबापांच्या ध्यानात नसायची. शाळा जूनमध्ये सुरू, मग गुरुजी पोराकडे एक नजर टाकून, बसेल ते साल धरून, १ जून लिहून मोकळे व्हायचे. पुढे तीच तारीख दाखल्यावर, तिथून आधार कार्डावर. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तर पूर्ण केलेल्यांना एसटीचा प्रवास फुकट झाला आणि गुरुजींच्या त्या टाकाला एकाएकी पैशाची किंमत आली. "गुरुजींनी दोन सालं कमी लावली माझी," असं म्हणत आमचे एक अण्णा पासष्टीनंतरच्या निम्म्या तिकिटावर धुसफुसत होते. लग्नाच्या वेळी याच दोन सालांनी त्यांना मदत केली होती, ते काकूंनी तिथल्या तिथं ऐकवलं. आता दर १ जूनला सकाळच्या पहिल्या गाडीला धुतलेल्या टोप्यांची एक तुकडी चढते. जायचं कुठंच नसतं. तालुक्याला जाऊन चहा घेऊन परत. कंडक्टरनं मशिनमधून शून्य रुपयांचं तिकीट काढून दिलं की ते घडी घालून कोपरीच्या खिशात जातं.

मग १७ मार्च २०२३ ला बायकांना निम्मं तिकीट झालं आणि तात्यांच्या गाडीतला मधला बाक ओस पडला. बाजारच्या दिवशी जोडपी स्टँडपर्यंत एकत्र येतात आणि तिथं फुटतात. ती एसटीत, तो वडापमध्ये, कारण त्याला घाई असते. ती अर्ध्या पैशांत खिडकी धरून ऐसपैस जाते; तो पूर्ण पैसे मोजून मागच्या फळीवर एका मांडीवर बसून जातो. बहुतेक वेळा दोघं बाजारात एकाच सुमाराला पोचतात आणि उरलेल्या पैशांच्या भज्यांवर पहिला हक्क तिचा असतो. शेवटी तात्यांनीही जाहीर केलं, "मामी, माझ्याकडंबी निम्मं." मामी म्हणाल्या, "तुझ्याकडं जागाबी निम्मीच हाय की."

ही चढाओढ एकदाच थांबली होती. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीला राज्य सरकारात विलीनीकरण करा या मागणीसाठी एसटीचा संप सुरू झाला तो पुढच्या एप्रिलपर्यंत रेंगाळला. सरकारनं खासगी गाड्यांना प्रवासी नेण्याची मुभा दिली. लिंब एका रात्रीत स्टँडच्या दारात आला. तात्या पहिल्या दिवशी फलाटाकडे बघत उभे होते, हात कुठं ठेवावेत ते कळत नसल्यासारखे. आयुष्यभर ज्या जागेच्या बाहेर दबा धरला, तिथं "या, बसा" म्हणायला त्यांना ओशाळल्यासारखं होत होतं. भीड दुपारपर्यंत टिकली. दुसऱ्या दिवशी मेहुण्यानंही स्वतंत्र गाडी काढली.

धंदा तुफान झाला. पण सकाळी सहाला वाडीवरून कुणी निघेना. त्या वेळेला तिथं असतात कॉलेजची पोरं, आणि पोरांकडे असतो सवलतीचा पास. वडापच्या हिशेबात पास दाखवणारा म्हणजे शीट नव्हे, नुसतं वजन. मागणीनुसार गाडी, हे खरंच. फक्त मागणी करणाऱ्याच्या खिशाला आवाज हवा. पोरं चालत फाट्यापर्यंत यायची आणि दुधाच्या टेम्पोत, कॅनच्या मधल्या फटीत उभी राहून जायची. वाडीवरच्या आजी रोज संध्याकाळी पारावर येऊन विचारायच्या, "मुक्कामी आली का?"

मुक्कामी म्हणजे रात्री शेवटची येऊन गावातच वस्तीला राहणारी आणि पहाटे पहिली सुटणारी गाडी. संध्याकाळच्या त्या खेपेला शेवटच्या तीन किलोमीटरला गाडीत कधीकधी एकटी आजीच असते. चव्वेचाळीस आसनं, एसटीची दोन माणसं, एक फुकट प्रवासी आणि तिची कोथिंबिरीची जुडी. कुठल्याही संगणकाला हा हिशेब घातला तर तो धूर सोडेल. गाडी मात्र वाडीपर्यंत जाते, वळते, देवळापुढे उभी राहते. ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच अंथरूण घालतात. कुणाच्या घरी कोरड्यास बरं झालं असेल तर एक वाटी तिकडे जाते. पहाटे इंजिन सुरू केल्यावर ड्रायव्हर लगेच निघत नाही, ते घरघरू देतो. ती गावाला हाक असते. कंडक्टरला कुणाची परीक्षा आहे, कुणाची तारीख आहे, कुणाला दवाखान्यात जायचंय ते पाठ असतं. पोरगं अजून दिसेना म्हटल्यावर तो हॉर्न दोनदा वाजवायला लावतो. अशा वेळी एसटीचंही थोडं वडाप होतं, पण ते वेळापत्रकात छापलेलं नसतं.

एसटी परत सुरू झाली, लिंब परत दोनशे मीटरवर गेला. तात्यांच्या थोरल्या भाच्यानं मग पुण्याहून येऊन मामांचा धंदा आधुनिक करायचं मनावर घेतलं. ॲप काढू म्हणाला. तात्यांनी विचारलं, "त्यात उधारी लिवता येती का?" ॲप तिथंच बारगळलं, त्याऐवजी व्हॉट्सॲपचा ग्रुप निघाला. पहिले दोन दिवस छान गेले. "तात्या कुठं आहात?" "निघालोय." तिसऱ्या दिवशी कुणीतरी लिंबाखाली उभ्या गाडीचा फोटो "निघालोय"च्या खाली टाकला. त्यावर मामींनी अंगठा दाखवला, सरपंचांनी हसरे चेहरे टाकले, अण्णांनी सुप्रभात टाकलं. तात्या खवळले. भाच्याला फोन करून त्यांनी ग्रुप असा करून घेतला की त्यात फक्त तात्यांनीच बोलायचं.

आता सकाळी सातला निरोप येतो, "गाडी भरत आलीय, लवकर या." सव्वासातला येतो, "दोन शिटं." आठला पुन्हा तोच. परवा बाजारच्या दिवशी दुपारी मात्र वेगळाच निरोप आला. "दीडची एसटी गावात पोचली का? कोणतरी सांगा. आमची मालकीण त्यात हाय." अडीचला दुसरा आला, "आरं सांगा की कोणतरी." वाचल्याच्या निळ्या खुणा सगळ्यांच्या उमटल्या होत्या. उत्तर द्यायची सोय कुणालाच नव्हती.