स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावणारा पोरगा गेला, अभिनंदन!

बारामती एमआयडीसीतल्या एका कंपनीचे एचआर साहेब यांस,



साहेब, कंपनीचं नाव लिहीत नाही. एकतर माझी ग्रॅच्युइटी वेळेवर मिळाली आहे, उगाच कटुता नको. दुसरं म्हणजे, नाव न लिहिल्यामुळे भिगवण रोडच्या दोन्ही अंगांच्या निदान दहा साहेबांना हे पत्र आपल्यालाच आहे असं वाटेल, आणि त्यातल्या नऊ जणांचं बरोबर असेल.

तर आधी अभिनंदन. तो पोरगा गेला. परवा गेटसमोरच्या टपरीवर चहा घेताना कळलं. तीन ब्रेक, तीन ठेकेदार आणि तीन कार्ड नंबर एवढा खटाटोप केल्यावर तुम्ही त्याला शेवटी घालवलंतच. सोपं काम नव्हतं ते. बाकीचे ब्रेकमध्ये आपोआप गळतात, हा चिवट निघाला होता. इंदापूर तालुक्यातून रोज मोटारसायकलवर यायचा. गळिताच्या दिवसांत उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकला तरी पंचिंगला पाच मिनिटं आधी हजर.

तुम्हाला तो आठवत नसेल, म्हणून ओळख करून देतो. आयटीआय फिटर, तुमच्या कागदावर ‘हेल्पर’. बेअरिंगच्या घरावर स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. एकदा तीन नंबरच्या प्रेसजवळ असाच उभा राहिला आणि मला म्हणाला, “काका, हे दोन दिवस काढंल. तिसऱ्या दिवशी बसणार.” मी मेंटेनन्सचा सुपरवायझर. बत्तीस वर्षं ग्रीस खाल्लेला माणूस. मी कान लावला तर मला नुसती घरघर. तरी तुमच्या मीटिंगमध्ये विषय काढला. तुम्ही विचारलंत, “त्याचा डिप्लोमा झालाय का?” तिसऱ्या दिवशी, तिसऱ्या शिफ्टला, रात्री पावणेतीन वाजता ते बेअरिंग बसलं. मग पुण्याहून व्हायब्रेशन मीटर घेऊन एक इंजिनियर आला, दिवसभर थांबला, पोराने जे फुकट सांगितलं होतं तेच छापील कागदावर देऊन गेला. जीएसटी वेगळा.

त्याच वर्षी त्याने कूलंटच्या ट्रेचा उतार बदलायचं सुचवलं. जमिनीवर सांडणारं कूलंट थांबलं, घसरून पडणं थांबलं. तुम्ही त्याला ‘महिन्याचा मानकरी’ केलंत. टाळ्या, स्टीलचा डबा, कॅन्टीनच्या भिंतीवर फोटो. पुढच्याच महिन्यात त्याचे सात महिने भरले आणि गेटपास बंद झाला. फोटो मात्र भिंतीवर तसाच राहिला. फोटो आत आणि माणूस बाहेर अशी मानकऱ्याची व्यवस्था मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

बाहेरच्या वाचकांना या सात महिन्यांचं गणित ठाऊक नसेल. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने एक रेघ मारली: बारा महिन्यांत 240 दिवस काम भरलं की ते सलग वर्षाचं काम धरायचं. मग माणसाला हक्क चिकटू लागतात आणि कायम करण्याचा दावा उभा राहतो. कायदा करणाऱ्यांना वाटलं, माणूस टिकावा म्हणून ही रेघ. तुम्हाला वाटलं, इथवर पोचायच्या आत त्याला उतरवावं म्हणून ही रेघ. मशीनवर दोन-चार मायक्रॉन इकडेतिकडे झाले तर आपण चालवून घेतो. 240 च्या बाबतीत तुम्ही एका दिवसाचाही टॉलरन्स कधी दिला नाहीत. कंपनीतलं सगळ्यांत अचूक मोजमाप क्वालिटीच्या खोलीत नव्हतं, तुमच्या टेबलावरच्या कॅलेंडरात होतं.

ब्रेक म्हणजे पोराने महिनाभर घरी बसायचं, आईने शेजारणींना “सुट्टीवर आलाय” म्हणून सांगायचं, मग नव्या ठेकेदाराच्या नावावर नवा फॉर्म, नवे फोटो, पुन्हा ‘हेल्पर’. मशीनने त्याला ओळखावं आणि कंपनीने ओळखू नये, असं तीनदा झालं. आणि गेटवर केवढा मोठा बोर्ड लावलाय तुम्ही, ‘माणसं हीच आमची संपत्ती’! साहेब, संपत्ती कुणी सात-सात महिन्यांच्या भाड्याने आणतं का?

तुमचं ते टॅलेंटवरचं प्रेझेंटेशन मी पूर्ण पाहिलंय, शपथेवर सांगतो. पुण्याच्या हॉटेलात दोन दिवस चाललं होतं. घंटेच्या आकाराचा एक आलेख होता. दर डिपार्टमेंटमध्ये थोडे उत्तम, पुष्कळ मधले आणि थोडे टाकाऊ निघालेच पाहिजेत म्हणे. माझ्याकडे सहा माणसं होती, सहाही चांगली. तुम्ही म्हणालात, एकाला खाली टाकावंच लागेल, नाहीतर घंटा होत नाही. मी ज्याला टाकला त्याने पुढे माझ्याशी नीट बोलणं सोडलं. आणि जो टूलरूममध्ये सोन्यासारखं काम करायचा त्याला बक्षीस म्हणून सुपरवायझर करून एक्सेलच्या शीटसमोर बसवलंत. टूलरूमचा उत्तम माणूस गेला, सुपरवायझरही काही मिळाला नाही. लॉरेन्स पीटर नावाच्या गृहस्थाने 1969 मध्ये या रोगावर अख्खं पुस्तक लिहिलंय. ट्रेनिंगच्या बजेटात बसत असेल तर मागवा.

पुस्तक नको असेल तर आपल्याकडचंच उदाहरण देतो. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये एक मराठी शिक्षक यंत्रांचं ड्रॉइंग शिकवायचा. त्याच्या हक्काची बढती डावलून एका अँग्लो-इंडियनाला दिली. हा नोकरी सोडून बेळगावला गेला आणि भावाबरोबर सायकलींचं दुकान चालवलं. पुढे कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर. 1910 मध्ये औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर त्याने कारखाना थाटला. तेच लक्ष्मणराव किर्लोस्कर, तीच किर्लोस्करवाडी. त्या बढतीच्या कागदावर सही करणाऱ्या साहेबाचं नाव आज कुणाला माहीत नाही, पण तो तुमच्या खात्याचा आद्यपुरुष म्हणायला हरकत नाही.

खरी गंमत पुढे आहे. डावलला गेलेला हा माणूस स्वतः माणसं कशी निवडायचा? अनंतराव फळणीकरांची शाळा अर्धवट सुटलेली. त्यांच्या हातातली कल्पकता पाहून लक्ष्मणरावांनी त्यांना यंत्रांच्या कामाला लावलं. रात्रीच्या पहाऱ्याला तुकाराम रामोशी आणि पिराजी मांग होते, दोघेही शिक्षा झालेले. तुमच्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये यातलं कोण पास झालं असतं? लक्ष्मणरावही नाहीत बहुतेक. ‘आधीची नोकरी सोडण्याचं कारण’ या रकान्यातच अडकले असते.

एवढंही लांब नको. हा सगळा भाग उसाचा आहे, कारखान्याचा एखादा मुकादम गाठा. बीडकडच्या टोळीतला कोणता कोयता, म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी, दिवसाला किती मोळ्या टाकतो, कुणाच्या बायकोचा हात नवऱ्यापेक्षा चपळ आहे, हे त्याला तोंडपाठ असतं. पुढच्या हंगामासाठी तो दसऱ्याच्या आधीच त्यांच्या दारात आगाऊ पैशांची उचल घेऊन उभा राहतो. उचल हा गळफास आहे, मी तिचं कौतुक करत नाही. पण मुकादमाला चांगला कोयता दिसतो. तुम्हाला उचल द्यायची नव्हती, साधं कायमचं कार्ड द्यायचं होतं.

इंदापूर तालुक्यातलंच वालचंदनगर घ्या. 14 जुलै 2023 ला चांद्रयान-3 घेऊन जे रॉकेट उडालं त्याच्या दोन्ही अंगांना घन इंधनाचे एस-200 बूस्टर होते. त्यांची 3.2 मीटर व्यासाची पोलादी कवचं घडवण्यात त्या गावातल्या कारखान्याचा हात आहे. तसल्या पोलादावर वेल्डिंग करणारा हात किती वर्षांनी तयार होतो ते तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या वेल्डरला विचारा. ‘सात महिन्यांत’ एवढं मात्र त्याच्यासमोर म्हणू नका, वय झालेलं असतं, हसू झेपत नाही.

तुम्ही कनवाळू व्हावं असं माझं म्हणणंच नाही. हेन्री फोर्ड कुठे कनवाळू होता? कामगारांच्या घरात माणसं पाठवून त्यांचं वागणं तपासणारा गृहस्थ. पण 1913 मध्ये सुमारे 14 हजार जागा भरलेल्या ठेवण्यासाठी त्याला वर्षात 52 हजारांवर माणसं घ्यावी लागली, तेव्हा त्याने गणित मांडलं आणि जानेवारी 1914 मध्ये रोज पाच डॉलरची घोषणा केली. निव्वळ हिशेब. तुमच्याकडे नव्या पोराला शिकवण्यात गेलेले तास, फुकट गेलेला माल, रात्री बंद पडलेली लाइन याचा रकाना तरी आहे का?

तुम्ही म्हणाल, ऑर्डरी खालीवर होतात, हेडकाउंट हेड ऑफिस ठरवतं. ऑर्डरी होतात खालीवर, मान्य आहे. असेंब्लीला माणसं कमीजास्त लागतात. पण प्रेसचं बेअरिंग मंदी बघून वाजायचं थांबत नाही.

हे सगळं तुमच्याच माथी मारून मला मोकळं होता येत नाही. ब्रेकच्या यादीवर सुपरवायझरची सही लागते. त्याचं नाव असलेल्या तिन्ही याद्यांवर माझी सही आहे. दुसऱ्या वेळी त्याने मला फक्त विचारलं होतं, “काका, परत घेतील ना?” मी म्हणालो, “घेतील की.” रिटायरमेंटला अकरा महिने राहिले होते माझे.

टपरीवर असंही कळलं की गेल्या आठवड्यात तीन नंबर पुन्हा बसली, तेव्हा तुम्ही स्वतः त्याला फोन केलात. पाच हजार वाढवून देतो, कायमचं बघू, तू म्हणजे आपल्या घरचाच माणूस, असं सगळं बोललात. म्हणजे नजर आहे तुमच्याकडे, साहेब. माणूस गेटबाहेर पडला की लख्ख दिसतो तुम्हाला. तो काय म्हणाला तेही कळलं. “सर, माझा कोणता कार्ड नंबर बघून फोन केला?”

कळावे, लोभ असावा. तुमचा आहेच म्हणा.

आपला,
एक निवृत्त मेंटेनन्स सुपरवायझर

ता. क. : प्रेसबद्दल त्याला काही विचारायचंच असेल तर फोन दुपारी चारनंतर करा. नव्या ठिकाणी पहिल्या शिफ्टला असतो आणि तिथे मशीनजवळ मोबाइल चालत नाही. तीननंतर ते लोक त्याला तासभर नव्या पोरांना शिकवायला बसवतात. स्क्रू-ड्रायव्हर कुठे टेकवायचा ते.