पावसातून ऊस

कार्यशाळेहून परतलेल्या शिक्षकापासून पोरांनी आठ दिवस तरी जपून राहावं. समजा, लातूरकडचे मराठीचे एक सर असेच परतले आहेत आणि त्यांच्या डोक्यात 'वर्ड क्लाउड' घुसलाय. मजकूर यंत्राला द्यायचा. जो शब्द जास्त वेळा आला, तो मोठ्या टायपात छापून येतो. कल्पना तशी जुनीच. १९७६ साली मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रम यांनी पॅरिसकरांकडून त्यांच्या शहराचे नकाशे काढून घेतले आणि जी जागा जास्त जणांना आठवली, तिचं नाव मोठं केलं. २००८ साली आयबीएमच्या जोनाथन फाइनबर्ग यांनी 'वर्डल' काढलं (रोज कोडं घालणारं ते वेगळं, २०२१चं), आणि जगभरच्या मास्तरांना फळा सजवायचा नवा छंद लागला.

सरांनी निबंध दिला, 'आमचा मराठवाडा'. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, तेव्हा ही पोरं आईच्या कडेवर होती. पण पहिल्या खेपेला दहा वाघिणी आणि पाचेक लाख लिटर, हा हिशेब घरी ऐकून ऐकून पाठ झालेला. त्यामुळे वहीत पाणीच पाणी.

शिपायाकडून संगणक खोलीची किल्ली मिळवून सरांनी सगळा मजकूर पायथॉन या संगणकीय भाषेतल्या 'वर्डक्लाउड'ला खाऊ घातला. पडद्यावर नुसते चौकोन.

"सर, हे काय निघायलंय?"

फॉन्ट देवनागरी नव्हता. तो बदलला आणि खरी गंमत सुरू झाली. या साधनाचा मूळ नियम इंग्रजी वळणाचा. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांना ते अक्षर मानतच नाही. तिथे शब्द तोडतं आणि, सरांनी एकाक्षरी तुकडे नकोत असं बजावल्यामुळे, एकटं उरलेलं अक्षर टाकून देतं. त्यामुळे 'पाणी' गेलं. 'लातूर' गेलं, 'नांदेड'ही गेलं. 'दुष्काळ' तर असा नाहीसा झाला, की इतक्या वर्षांत कुठल्या सरकारला जमलं नसेल. 'मराठवाडा' फुटून 'मर' आणि 'ठव' असे दोन हुकूम निघाले. 'शेतकरी'चा 'तकर' झाला. आणि 'पाऊस'मधून काय उरलं? 'ऊस'! लातूरला पाणी पुरवणारं मांजरा धरण कोरडं पडलं तेव्हा ज्या पिकावरून एवढं रान पेटलं, ते यंत्रानं एका फटक्यात उभं केलं. यंत्राचं राजकारण कच्चं म्हणायची सोय राहिली नाही.

हाच खेळ नांदेडला मांडला, तर तिथली पोरंही सुटत नाहीत. 'गोदावरी' लिहिली तर हाती फक्त 'वर' लागतो, आणि अर्धापूरची 'केळी' सालीसकट गायब.

युनिकोडमधली देवनागरीची १२८ घरं नियमात बसवली, तेव्हा शब्द धड निघाले. पण आता मराठी आडवी आली. इंग्रजीतलं पाणी कुठल्याही वाक्यात बहुतेक तसंच राहतं. आपल्याकडे 'पाणी', 'पाण्याची', 'पाण्याला', 'पाण्यासाठी' ही यंत्राच्या लेखी चार वेगळी बिऱ्हाडं. सगळ्यांत मोठा शब्द कोणता आला? 'आहे'. दुसरा 'आणि'.

सरांनी मग चित्र फळ्यावर उतरवलं आणि पोरांच्या हाती खडू दिला. एका खानदानातले शब्द शोधा, भोवती गोल करा. 'पाण्या' हे काय प्रकरण आहे, यावर मागच्या बाकावर भांडण जुंपलं. सामान्यरूप! व्याकरणाच्या तासाला ज्याच्या नावानं वर्ग पेंगतो, त्यावर पोरं तावातावानं बोलायली. वर्ड क्लाउडची खरी उपयुक्तता ही असावी: त्याची चूक पोरांना सापडते. नुसतं रंगीत चित्र भिंतीवर डकवायचं, तर पताका स्वस्त पडतात.

"सर, हे नीटला येतंय का?" हा प्रश्न आलाच. परीक्षांच्या तयारीसाठी गाजलेल्या लातूर पॅटर्नच्या गावात तो न येता तर सर घाबरले असते.

मग बिनकामाचे शब्द गाळायची यादी झाली. 'आहे' काढा, 'आणि' काढा, 'पण' काढा.

"सर, 'नाही' पण काढायचं का?" एका मुलीनं विचारलं.

सर थबकले. अशा तयार याद्यांत 'नाही'ही बऱ्याचदा असतो. तो काढला, की 'पाणी नाही' लिहिणाऱ्या पन्नास वह्यांतून पाण्यानं तुडुंब भरलेला जिल्हा बाहेर पडणार. सरांनी 'नाही' ठेवला. नवं चित्र आलं, तेव्हा तो पाण्याला खेटून, जवळपास तेवढाच मोठा.

मुख्याध्यापकांना चित्र फार आवडलं. परवा तपासणीला साहेब येणार, तेव्हा दर्शनी भिंतीवर लावू म्हणाले. फक्त ते 'नाही' जरा बारीक करता येईल का?