बापूसाहेबांची तिसरी बंदूक

माजी मालगुजारांची प्रजाती नागपुरात अजून तग धरून आहे. मालगुजारी 1951 मध्ये गेली, शिकार 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गेली आणि महालातला वाडा भावाभावांच्या दाव्यात गेला. उरलं काय, तर धनतोलीतला फ्लॅट, आजोबांची दुनळी, वडिलांची .315 रायफल आणि प्रत्येक बाबतीत मत. या प्रजातीच्या नमुन्याला आपण बापूसाहेब म्हणू.

शिकार बंद झाली तरी बापूसाहेबांतला शिकारी मेला नाही, त्यानं फक्त सावज बदललं. आता तो बंदुकांच्याच मागावर असतो. सध्याचं सावज रामदासपेठेतल्या एका निवृत्त डॉक्टरांच्या कपाटात आहे. जर्मनीतल्या सूल गावची जुनी मेर्केल, बारा बोर, नळ्या शेजारी-शेजारी नव्हे तर एकीवर एक.

"शेजारच्या नळ्या कोणत्याही पाटलाकडे भेटतात," बापूसाहेब सांगतात. "ही वर-खाली. नेम धरताना डोळ्यापुढे एकच नळी. पण..."

या 'पण'मध्येच त्यांचा खरा मुक्काम असतो.

डॉक्टरांच्या दारावरची बेल विशिष्ट लयीत वाजली की आतून आवाज येतो, "पोहे टाका, बापूसाहेब आले." तर्री पोहे संपवून, हात साबणानं धुऊन ते बंदुकीला हात लावतात. ग्रेडर कापूस हाती घेताच आधी ओलावा शोधतो, तसे हे आधी खोट शोधतात. नळ्या सोडवून अधांतरी धरायच्या, नखानं टिचकी मारायची आणि डोळे मिटून ऐकायचं. नाद घुमला तर जोड पक्का, बद्द वाजला तर सुटलेला. मग खिडकीच्या उजेडात नळीतून पाहून पोचे शोधायचे. मग बंदूक मिटून हलवायची आणि सांधा ढिला झालाय का ते तपासायचं. मेर्केलला वरच्या नळीच्या दोन्ही बाजूंनी दोन कान असतात आणि त्यांतून आडवा खिळा जातो. त्यामुळे ती हलत नाही. बापूसाहेब खट्टू होतात.

पण नळीखाली त्यांना 65 हा आकडा सापडतो आणि चेहरा उजळतो. "घर 65 मिलिमीटरचं! आजचं काडतूस 70 चं. कसं काय बाप्पा!" लांब काडतूस आखूड घरात उडवलं तर दाब वाढतो, हे खरंच आहे. मात्र कोणतंही काडतूस उडवण्याचा बापूसाहेबांचा विचार नसतो, हेही तितकंच खरं.

त्यांचा तर्क मात्र दुनळी असतो. ऐंशीच्या दशकापासून सामान्य परवानाधारकाला विलायती बंदूक मागवणं बंद झालं, म्हणून अशी वस्तू सोडू नये. आणि ते बंद झालं, म्हणूनच फायरिंग पिन तुटली तर दुसरी आणायची कुठून? म्हणून घेऊ नये. शिवाय मे महिन्यात नागपूरच्या उन्हानं कुंद्याचं लाकूड तडकलं तर? शिवाय निवडणूक लागली की ठाण्यात जमा करा. लोकसभा, विधानसभा, महापालिका धरली तर बंदुकीचं सासर ठाणं आणि माहेर आपलं घर.

"अहो, तिनं मारायचं काय आहे?" वहिनी विचारतात. "घरात मच्छर आहेत, तेवढे तर मारा."

सगळ्यात मोठी अडचण ते सगळ्यात शेवटी, जवळजवळ अभिमानानं सांगतात. 2019 च्या दुरुस्तीनं एका परवानाधारकाला तीनाऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, आणि बापूसाहेबांचा कोटा भरलेला. म्हणजे मेर्केल घ्यायची तर आजोबांना विकायचं की वडिलांना, एवढाच प्रश्न. या प्रश्नाला उत्तर नाही, म्हणून तो त्यांना इतका आवडतो. शिवाय बंदूक घेतली तर ती त्यांची होईल, आणि स्वतःच्या बंदुकीत खोट काढायची नाही, हा मालगुजारी शिरस्ता. मग रामदासपेठेत जाऊन बोलायचं काय?

शेवटी डॉक्टरच कंटाळले. "बापूसाहेब, तुमच्या नावानं मी ठाण्यात लेखी कळवून टाकतो. कायदाच म्हणते, विकण्याआधी कळवायचं अन् निदान 45 दिवस थांबायचं. तेवढ्यात तुमचं ठरेल."

इतरांना ही मुदत जाच वाटते. बापूसाहेबांचा मात्र हातातला चहा हिंदकळला.

"फक्त 45? इतकी घाई कायले करून राहिले, डॉक्टर? ते पाच मिलिमीटरचं तर आधी पाहू न!"