करमुक्त वक्ता

आमच्या यवतमाळच्या ज्येष्ठ मंडळींनी एका रविवारी वादविवाद ठेवला. विषय होता, ‘सगळे कर रद्द करून देशात एकच उपभोग कर असावा’. बाजूनं बोलायला कोणी तयार होईना, तेव्हा मी हात वर केला. विषय मला नीट ऐकू आला नव्हता, ही गोष्ट वेगळी.

घरी येऊन मी तो आधी हिला समजावला. मिळकतीवर कर नाही, खर्चावर कर. कमवा कितीही, जेवढं वापराल तेवढ्यावर भरा. ही मेथी निवडता निवडता म्हणाली, ‘म्हणजे घरात तुम्हीच सगळ्यात जास्त भरणार.’

तयारी मात्र मी जोरात केली. जन्मभर भूगोल शिकवलेल्या माणसाला कशाचाही तक्ता केल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मी जगभराचे कर मांडले. फ्रान्सनं 1954 साली मूल्यवर्धित कर आणला, आपल्याकडे विजय केळकरांच्या समितीनं 2004 साली देशभर एकच वस्तू व सेवा कर असावा म्हणून सांगितलं, आणि 30 जून 2017 च्या मध्यरात्री संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये समारंभ होऊन सरकारी हिशेबानं 17 कर आणि 13 उपकर त्या एका करात विरघळले. आयकर बाहेर राहिला, पेट्रोल, डिझेल आणि दारूही बाहेर राहिली. अनिल बोकिलांची ‘अर्थक्रांती’ तर त्याही पुढची. आयातशुल्क सोडून सगळे कर काढा, मोठ्या नोटा बंद करा आणि बँकेतल्या व्यवहारावर एकच छोटा कर लावा, असं ते कितीतरी वर्षं सांगत होते, पण नोव्हेंबर 2016 मध्ये नोटा बंद झाल्यावर आमच्या कट्ट्यावरचा प्रत्येक जण दोन दिवस अर्थक्रांतिकारक झाला होता. मीही झालो होतो. घरात सुटे नव्हते.

पुस्तकी आकड्यांनी सभा जिंकता येत नाही, स्थानिक उदाहरणं लागतात, म्हणून चष्मा, डायरी आणि इस्त्रीचा शर्ट अशा थाटात मी बाजारात निघालो. एका किराणा दुकानात उभं राहून एकेका वस्तूकडे बोट दाखवत ‘यावर किती टक्के?’ असं विचारू लागलो. साबण 5, आधी 18 होता. कुंकू शून्य. पाकिटातल्या पराठ्याला 22 सप्टेंबर 2025 च्या आधी 18 आणि पोळीला 5 होते, आता दोन्ही शून्य. पॉपकॉर्न खारं असेल तर 5 आणि कॅरेमलचं गोड असेल तर 18. मी सगळं भराभर लिहून घेत होतो. दुकानदारानं आधी स्टूल दिलं, मग पंखा माझ्याकडे वळवला, मग थंडा मागवला. एवढा आदर पाहून माझी खात्री झाली की हा माझा जुना विद्यार्थी. मग मी प्रेमानं विचारलं, ‘काय रे, व्यवहार ठीक चाललाय ना?’ त्याचा चेहरा पडला. परिस्थिती बेताची असावी असं वाटून मला कणव आली, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि घराचा पत्ता देऊन म्हणालो, ‘काही अडचण असली तर घरी येऊन भेट. मार्ग काढू.’

संध्याकाळी तो आला. एका हातात वह्या, दुसऱ्या हातात काजूचा पुडा.

हिनं त्याला पाणी दिलं, मी कोणत्याही खात्याचा साहेब नसून निवृत्त मास्तर आहे हे सांगितलं, आणि तो हायसं वाटून हसत हसत गेला. काजू घेऊन गेला. हे मला अजून लागून राहिलं आहे.

सभेच्या दिवशी मी अमेरिकेपासून सुरुवात केली. तिथे ‘फेअर टॅक्स’ नावाचा प्रस्ताव 1999 पासून पुन्हा पुन्हा मांडला जातो: आयकर बंद, त्याऐवजी विक्रीवर 23 टक्के. 23 म्हणजे शंभराच्या वस्तूवर 30 लावायचे आणि एकूण 130 मधले 30 म्हणजे 23 टक्के, असं मी फळ्यावर समजावू लागलो. तेवढ्यात मागून कोणी विचारलं, ‘मग 30 का नाही म्हणत?’ मी पुन्हा मांडलं. या खेपेला 27 आले.

तेवढ्यात घाटंजीकडचे एक कापूसवाले शेतकरी उठले. ‘मास्तर, शेतीच्या उत्पन्नावर इन्कम टॅक्स नाहीच. तो काढला काय अन् ठेवला काय, मले काय फरक पडते? पण तुमचा नवा कर फवारणीच्या औषधावर बसन का नाही?’

‘बसेल,’ मी म्हणालो.

‘आता 18 हाये. मंग 30 व्हइन. दुकानदार भरलेला कर वजा करून घेते, जिनिंगवाला कापसावरचे 5 भरते अन् वजा करून घेते. मी कोनाच्या नावानं वजा करू?’

प्रश्न बिनतोड होता. शेतकरी जीएसटीच्या नोंदणीत नसतो, म्हणून साखळीतला प्रत्येक जण कर पुढे सरकवतो आणि तो याच्यापाशी येऊन थांबतो. मी घाईघाईनं म्हणालो की अमेरिकेच्या त्या प्रस्तावात सरकार प्रत्येक घराला दर महिन्याला काही रक्कम आगाऊ पाठवणार आहे. ते म्हणाले, ‘आमच्या इथं विम्याचे पैसे मागून कधी येतीन याचा पत्ता नसते, तुमी आगाऊचं सांगता!’ टाळ्या इतक्या वाजल्या की मीही वाजवल्या. मग कापसाला काळी जमीन लागते, एवढं सांगून मी वेळ मारून नेली.

विरुद्ध बाजूला एक निवृत्त हिशेबनीस होते. त्यांनी मऊ आवाजात विचारलं, ‘मास्तर, आयकराचा इतका राग का? तुम्हाला किती बसतो?’ आमचं विवरणपत्र भाचा भरतो, मी फक्त ओटीपी सांगतो, त्यामुळे मी छातीवर हात ठेवून ‘पुष्कळ’ म्हणणार, तोच बायकांच्या रांगेतून आवाज आला.

‘शून्य!’

ही उभी राहिली होती. नव्या करप्रणालीत 2025-26 पासून 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही, पेन्शनवाल्यांना वर 75 हजारांची वजावट मिळते, आणि आमची पेन्शन त्या आकड्याच्या जवळपासही फिरकत नाही, हे तिनं सभेला खणखणीत सांगितलं. ज्या कराच्या निर्दालनासाठी मी महिनाभर घसा कोरडा केला, तो मला लागतच नव्हता. वर, मी मागत असलेल्या करानं आमच्या घरात चहापासून गुडघ्याच्या पट्ट्यापर्यंत सगळं महाग झालं असतं. हात वर करून मतं घेतली, तेव्हा माझ्या बाजूनं दोन हात आले. एक माझा. दुसरा पाणी मागत होता.

तो किराणावाला पहिल्या रांगेत बसून हे सगळं ऐकत होता. आता तो मला न मागता पक्कं बिल देतो, आणि मी घासाघीस करू लागलो की सगळ्या गिऱ्हाइकांसमोर हात जोडतो, ‘साहेब, 5 टक्केच लावलेत. तुमच्या भाषणाप्रमाणं लावू का?’